‘हे पैसे तुम्हाला कशाबद्दल मिळतात?’ : परदेशी आर्थिक सल्लागारांकडून काय उचलावं आणि कसं

मी म्युच्युअल फंड वितरक, म्हणजे फंड कंपन्यांच्या योजना लोकांपर्यंत पोहोचवणारा. मिरजेचे एक काका माझे जुने ग्राहक. बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांनी सहामाही सीएएसचा, म्हणजे सगळ्या फंडांच्या एकत्रित खातेउताऱ्याचा, प्रिंट माझ्या टेबलावर ठेवला. त्यात प्रत्येक फंडापुढे वितरकाला दिलेल्या कमिशनचा आकडा असतो. काकांनी ते सगळे आकडे पेन्सिलीने गोल केले होते आणि खाली बेरीज मारली होती : १०,८४० रुपये. ‘‘म्हणजे वर्षाचे एकवीस-बावीस हजार. तक्रार नाही हो माझी. फक्त हे कशाबद्दल मिळतात, तेवढं सांगा.’’

मी चहा मागवला. चहा आला, उत्तर काही येईना.

हा आकडा सेबीने २०१६पासून सीएएसमध्ये छापायला लावला आहे. बहुतेक ग्राहक तो बघत नाहीत, आणि आपण वितरक तो दाखवायला जात नाही. काकांचा प्रश्न मात्र ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या सल्लागारांना कायद्याने विचारला गेला. काहींना त्याचं उत्तर फार महागात पडलं. त्यांच्या या अनुभवातलं काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि काय तिकडेच ठेवायचं, हे या लेखात मांडतो आहे. म्युच्युअल फंड वितरक आणि सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार म्हणजे आरआयए, दोघांसाठी. जिथे नियम वेगळे आहेत तिथे तसं सांगेन.

आधी तिकडे काय झालं ते

ब्रिटनमध्ये ३१ डिसेंबर २०१२पासून नव्या गुंतवणूक सल्ल्यावर कमिशन घेणं बंद झालं. सल्लागाराच्या पात्रतेची पातळीही वर नेली. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०१३ला, नेदरलँड्सने गुंतागुंतीच्या वित्तीय उत्पादनांवरचं कमिशन बंद केलं. ऑस्ट्रेलियात तशी बंदी १ जुलै २०१३पासून सक्तीची झाली. गंमत अशी की आपल्याकडे डायरेक्ट प्लॅन (वितरकाशिवाय, कमिशन न देता थेट फंड कंपनीकडून घ्यायचे) सुरू झाले तेही १ जानेवारी २०१३लाच, आणि गुंतवणूक सल्लागारांचे सेबीचे नियमही त्याच वर्षीचे. त्यांनी कमिशनचं दार बंद केलं. आपण ते उघडं ठेवून शेजारी दुसरं दार काढलं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. ‘फी हाच प्रामाणिक मार्ग’ म्हणणारे एका बाजूला, ‘आपला माणूस फी देणार नाही’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पण खरा धडा त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत आहे. ऑस्ट्रेलियात २०१८मध्ये बँका आणि वित्तसंस्थांची चौकशी करणाऱ्या ‘रॉयल कमिशन’ या सरकारी आयोगासमोर उघड झालं, की कॉमनवेल्थ बँकेच्या समूहातले काही सल्लागार मेलेल्या ग्राहकांकडूनही सल्ल्याची फी घेत होते, तेही ग्राहक गेल्याचं माहीत असताना. एका प्रकरणात तर दहा वर्षांहून अधिक काळ. ब्रिटनमध्ये सेंट जेम्सेस प्लेस या मोठ्या सल्लागार कंपनीने २०२४च्या फेब्रुवारीत ४२.६ कोटी पौंड बाजूला काढून ठेवले. ग्राहक दरवर्षी ‘चालू सेवे’चे पैसे देत होते आणि ती सेवा दिल्याचा पुरावा बऱ्याच फायलींत सापडत नव्हता, म्हणून परतफेडीची ही तरतूद.

कमिशन जाऊन फी आली, पण दुखणं तेच राहिलं. काम थांबलं तरी पैसे चालूच राहिले, किंवा काम झालं पण त्याची कुठे नोंद नाही. आपल्या ट्रेलला, म्हणजे ग्राहकाची गुंतवणूक टिकून असेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या कमिशनला, हे शब्दशः लागू पडतं. म्हणून तिकडून सगळ्यात आधी काही घ्यायचं असेल तर ती लिहून ठेवायची शिस्त.

पहिली पायरी : एक पान, रुपयांत

अमेरिकेत ३० जून २०२०पासून सल्लागाराला आणि ब्रोकरला किरकोळ ग्राहकाच्या हातात एक छोटा दस्तऐवज द्यावा लागतो. साधारण दोन पानांचा. आम्ही काय करतो, पैसे कसे कमावतो, आमचे हितसंबंध कुठे आडवे येतात, आमच्यावर कधी कारवाई झाली आहे का, एवढंच त्यात असतं. मला त्यातला आवडलेला भाग म्हणजे ग्राहकाने सल्लागाराला कोणते प्रश्न विचारावेत, हे त्या कागदावरच छापायला लावलं आहे. त्यातला एक असा : मी तुम्हाला १०,००० डॉलर गुंतवायला दिले, तर त्यातले किती फी आणि खर्चात जातील आणि किती माझ्यासाठी गुंतवले जातील?

आपलं पान तयार करायला एक दुपार पुरते. वितरक असाल तर माझ्या पानावरच्या ओळी जशाच्या तशा घ्या :

‘मी म्युच्युअल फंड वितरक आहे. सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार नाही. तुमच्याकडून मी थेट काही घेत नाही. फंड कंपनी मला कमिशन देते आणि ते तुमच्या फंडाच्या खर्चातून जातं. तुमची गुंतवणूक आज २६ लाख आहे. ट्रेल सरासरी ०.८ टक्के धरला तर मला वर्षाला सुमारे २०,८०० रुपये मिळतात. हेच फंड डायरेक्ट प्लॅनमध्ये घेतले तर हा खर्च वाचतो. मग निवड, कागदपत्रं आणि पाठपुरावा तुम्ही स्वतः करायचा. या पैशांच्या बदल्यात मी वर्षभरात पुढची कामं करेन :’

आणि खाली कामांची यादी. टक्क्यांत लिहू नका, रुपयांत लिहा. ०.८ टक्के कोणालाच टोचत नाही, वीस हजार टोचतात. टोचू द्या. आणि व्हिजिटिंग कार्डावर अजून ‘फायनान्शियल अॅडव्हायझर’ छापलेलं असेल तर तेही याच आठवड्यात बदला. आरआयए नोंदणी नसताना सल्लागार, वेल्थ अॅडव्हायझर असलं बिरुद लावायला सेबीने २०२०च्या दुरुस्तीत मनाई केली आहे.

पान झालं की ते तपासायचं. यासाठी ब्रिटनकडे वळा. तिथे ३१ जुलै २०२३पासून ‘कन्झ्युमर ड्युटी’ लागू आहे, आणि ग्राहकाला खरोखर समजतंय का, हे पाहणं त्यात सल्लागाराच्या अंगावर टाकलं आहे. ‘आम्ही कागद दिला होता’ म्हणून हात झटकता येत नाहीत. मी सोपा प्रयोग केला. पान ओळखीच्या एका काकूंना दिलं आणि म्हटलं, वाचा आणि मला तुमच्या शब्दांत सांगा. काकू ‘रिडेम्प्शन’पाशी, म्हणजे पैसे काढण्याच्या शब्दापाशी, थांबल्या. ‘एक्झिट लोड’ला त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे पैसे काढताना दंड का?’’ तेव्हापासून माझ्या पानावर ‘एका वर्षाच्या आत पैसे काढले तर कापले जाणारे पैसे’ असंच लिहिलेलं आहे. ओळ लांबली, पण पुन्हा कोणी थांबलं नाही.

ते पान घेऊन मी मिरजेला काकांकडे गेलो. त्यांनी वाचलं, खिशातली पेन्सिल काढली आणि ‘बाजाराचा साप्ताहिक आढावा व्हॉट्सअॅपवर’ ही ओळ खोडली. ‘‘हे कोणी वाचत नाही.’’ मग समासात लिहिलं : ‘मी नसेन तेव्हा हिला समजावणे.’ त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी : काम केल्याचा पुरावा

ऑस्ट्रेलियात रॉयल कमिशननंतर चालू फीसाठी ग्राहकाची दरवर्षी लेखी संमती घ्यावी लागते. ग्राहकाने नूतनीकरण केलं नाही तर फी थांबते. आपल्याकडे ट्रेलला असली अट नाही. तुम्हाला स्वतःला ती घालून घेता येते.

वर्षातून एक ठरलेली भेट. आधी आकडेमोड करा, कारण बोलायला हे सोपं वाटतं. माझ्याकडे २१० कुटुंबं आहेत, म्हणजे महिन्याला १७-१८ भेटी. मार्च आणि दिवाळीचा महिना सोडला तर आणखी वाढतात. जमत नसेल तर कुटुंबं कमी करा, काही एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडे सोपवा किंवा मदतनीस ठेवा. भेट न देता ट्रेल खात राहायचं, हा चौथा पर्याय बहुतेक जण निवडतात. मीही बरीच वर्षं तोच निवडला होता.

भेटीनंतर त्याच संध्याकाळी पाच ओळींची टिपण करा : तारीख आणि कोण कोण हजर होतं. गेल्या वर्षात घरात काय बदललं. काय ठरलं. काय करायचं नाही असं ठरलं आणि का. पुढची भेट कधी. ही टिपण ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर पाठवा, म्हणजे तुमच्या नोंदीवर त्याचीही नजर पडते. आरआयएला नोंदी किमान पाच वर्षं जपणं बंधनकारकच आहे. वितरकांनीही तेवढ्या जपाव्यात.

चौथ्या ओळीकडे, म्हणजे ‘का नाही’कडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या. ब्रिटनमध्ये सल्ला धुडकावून स्वतःचंच करणाऱ्या ग्राहकासाठी वेगळी पद्धत आहे : त्याने तसं का करायचं ठरवलं, हे शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. आपल्याकडे हा ग्राहक दर तेजीत भेटतो. मेहुण्याने सांगितलं म्हणून मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, टाकायचे असतात त्याला. नको म्हणून सांगा, तरी ऐकलं नाही तर दोन ओळी त्याच्याकडून लिहून घ्या. लिहिताना निम्मे लोक थांबतात. उरलेले निम्मे दोन वर्षांनी भांडायला येतात तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

तिसरी पायरी : परताव्याऐवजी वर्षांचा तक्ता

इंग्लंडमधल्या नियोजनकाराच्या टेबलावर फंडाच्या क्रमवारीपेक्षा एक साधा आलेख जास्त दिसतो. ग्राहकाचं वय आडव्या रेषेवर, पैसे उभ्या रेषेवर, आणि ते कुठल्या वयात संपतात. त्यासाठी तिकडे महागडी सॉफ्टवेअर आहेत. आपल्याला एक्सेल पुरतं.

रकाने असे घ्या : वर्ष, नवऱ्याचं वय, बायकोचं वय, येणारे पैसे, घरखर्च, मोठे एकरकमी खर्च, शिल्लक. खर्चाचा रकाना दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवा, शिल्लक ८ टक्क्यांनी. हे दर गृहीत धरलेले आहेत, हमी नाही, हे तक्त्यावरच लिहा.

एक उदाहरण. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झालेले गृहस्थ, बायको ५४. हातात ८० लाख, घरखर्च महिन्याला ५० हजार. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची (ईपीएस-९५) पेन्शन तुटपुंजी आणि महागाईबरोबर न वाढणारी, म्हणून हिशेबात धरली नाही. ६ टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो : बहात्तराव्या वर्षी महिन्याला लाख, चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन लाख. तक्ता चालवला की पैसे पंधरा वर्षांत संपतात. ते पंच्याहत्तर वर्षांचे, आणि बाई एकोणसत्तरच्या.

आता त्यात ब्रिटिश पद्धतीचा दुसरा प्रश्न घाला. तिकडे जोखीम घ्यायची ‘तयारी’ आणि तोटा सोसायची ‘कुवत’ या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आपल्या प्रश्नावलीत माणूस ‘बाजार २० टक्के पडला तरी मी थांबेन’ यावर खूण करतो, आणि आपण त्याला ‘आक्रमक’ ठरवून मोकळे. तक्त्यात सुरुवातीलाच ८० लाखांचे ६४ लाख करून पाहा. पंधराऐवजी पुरती बारा वर्षंही निघत नाहीत. माणसाची तयारी असेल, पण घराची कुवत नाही. याउलट खर्च ४२ हजारांवर आणला तर साडेअठरा वर्षं निघतात. ही तीन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की बोलणं ‘कुठला फंड?’वरून ‘वरचा मजला भाड्याने द्यावा का?’वर येतं. तिथे आलं की समजा नियोजन सुरू झालं.

दोघांनाही बसवा. बायको चहा करायला आत आणि नवरा कागदावर सही करायला बाहेर, अशी भेट मी आता घेत नाही.

चौथी पायरी : विश्वासू संपर्क

काकांनी समासात लिहिलेल्या ओळीला तिकडे दोन उत्तरं सापडतात. ब्रिटनच्या नियामकाने २०२१मध्ये असुरक्षित ग्राहकांबाबत मार्गदर्शन काढलं. त्यात असुरक्षिततेची चार कारणं धरली आहेत : आजारपण, आयुष्यातली मोठी घटना, धक्का सोसण्याची कमी ताकद, आणि समजण्यातल्या अडचणी. वैधव्य आलं की ही चारही एकाच आठवड्यात दारात येऊ शकतात. दुसरं उत्तर अमेरिकेतलं. २०१८च्या फेब्रुवारीपासून तिथे ब्रोकरने किरकोळ ग्राहकाकडून ‘विश्वासू संपर्क’ म्हणून एका व्यक्तीचं नाव मिळवण्याचा रीतसर प्रयत्न करायचा असतो. त्या व्यक्तीला खात्यावर काहीही अधिकार नसतो. काही विपरीत वाटलं तर तिला फोन करायचा, एवढंच.

आपल्याकडे याची निकड का आहे, हे वेगळं सांगायला नको. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली पुण्या-मुंबईतल्या ज्येष्ठांनी आयुष्यभराच्या ठेवी मोडून दिल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

अर्ध्या पानाचा फॉर्म करा. नाव, नातं, फोन. खाली ‘कधी फोन करायला माझी हरकत नाही’ : महिनाभर संपर्क झाला नाही तर, अचानक मोठी रक्कम काढली तर, माझ्या बोलण्यात गोंधळ जाणवला तर. ज्याला हरकत नाही त्यावर खूण, खाली सही. ही संमती लेखीच हवी, कारण ग्राहकाची माहिती तुम्ही तिसऱ्या माणसाला सांगणार आहात. नॉमिनी आणि विश्वासू संपर्क एकच असायला हवेत असं नाही. कधीकधी वेगळे असलेलेच बरे. नॉमिनी मुलगा टोरांटोत, आणि दार वाजवायला खालच्या मजल्यावरच्या मावशी.

मग रोज सकाळी कॅम्स आणि केफिनटेक या फंड व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे रिपोर्ट येतात ते नुसते साठवू नका, वाचा. सत्तरीच्या माणसाने रात्री अकरा वाजता अॅपवरून सगळे फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, रिकामे करायची विनंती टाकली असेल तर आधी त्याला फोन. तो ‘आत्ता बोलू शकत नाही’ म्हणाला तर लगेच विश्वासू संपर्काला. अमेरिकेत ब्रोकरला संशयावरून व्यवहार काही काळ रोखून धरता येतो. तुम्हाला तो अधिकार नाही. पण इक्विटी फंडाचे पैसे खात्यात यायला साधारण दोन कामाचे दिवस लागतात. तेवढ्या वेळात घरचं माणूस पोहोचू शकतं, बँकेला सावध करता येतं, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पाचवी पायरी : छोटा ग्राहक, आणि काय उचलू नये

तिकडच्या सुधारणांची किंमत छोट्या ग्राहकाने मोजली. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी सामान्य खातेदारांसाठीचे सल्ला विभाग आवरते घेतले. ऑस्ट्रेलियात २०१८च्या सुमारास २८ हजारांच्या घरात असलेले सल्लागार काही वर्षांत १६ हजारांच्या आसपास आले, आणि जे उरले त्यांनी साहजिकच मोठे ग्राहक धरले.

म्हणून उत्साहात एका रात्रीत फीवर जाऊ नका. व्यक्ती म्हणून आरआयए झालात की वितरण सोडावं लागतं, म्हणजे ट्रेल गेला. हिशेब कागदावर मांडा : १२ कोटींचा एयूएम (सगळ्या ग्राहकांची मिळून गुंतवणूक), ०.८ टक्के, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. वर्षाला १२ हजार फी देणारी ८० कुटुंबं मिळाली तर तो भरून निघतो. २१०पैकी ८० मिळतील का? मनात अंदाज बांधू नका, दहा जणांना जाऊन विचारा. मी विचारलं. तिघे हो म्हणाले, दोघांनी विषय बदलला. मी अजून वितरकच आहे.

ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. २०२४च्या डिसेंबरातल्या दुरुस्तीनंतर नेटवर्थच्या (स्वतःच्या निव्वळ मालमत्तेच्या) अटीऐवजी ठेव ठेवावी लागते, दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाख रुपये. ठरावीक फीची मर्यादा एका कुटुंबाला वर्षाला १,५१,००० रुपये आहे. अमेरिकेतले काही नियोजनकार तासावर पैसे घेतात, काही महिन्याच्या वर्गणीवर. एका प्रश्नापुरता सल्ला हवा असलेल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला हे परवडतं. नव्या आरआयएने ‘दोन तास, एक प्रश्न’ अशी सेवा ठेवून बघावी.

वितरकाला सल्ल्याची फी घेता येत नाही. त्याने ब्रिटनच्या ‘पेन्शन वाइज’कडे पाहावं. ही सरकारी मोफत सेवा पन्नाशीपुढच्या लोकांना निवृत्तिवेतनाचे पर्याय समजावून सांगते, काही विकत नाही. आम्ही गावच्या वाचनालयात वर्षातून दोनदा तसंच बसतो. नियम एकच : त्या दिवशी पिशवीत एकही फॉर्म नाही.

सहावी पायरी : गट, आणि समुद्रापलीकडचा माणूस

अमेरिकेत सल्लागारांचे छोटे अभ्यासगट असतात. वेगवेगळ्या शहरांतले, म्हणजे एकमेकांचे ग्राहक पळवणार नाहीत असे चार-सहा जण. ते एकमेकांना धंद्याचे आकडेही उघडून दाखवतात. आमचा गट पाच जणांचा आहे : सांगली, नाशिक, लातूर, अमरावती, मडगाव. दर महिन्याला एक जण आपली एक फसलेली केस मांडतो. यशाच्या गोष्टींवर बंदी आहे, त्या ऐकायला फंड कंपन्यांच्या परिषदा आहेतच.

गटाचा दुसरा उपयोग परदेशी गेलेल्या मुलांसाठी होतो. न्यू जर्सीतल्या मुलाच्या नावावर आईने इथे एसआयपी चालू ठेवली, तर अमेरिकेच्या कर कायद्यात तो फंड ‘पीफिक’ या वर्गात पडतो आणि करही जाचक, कागदही जाचक. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याच्या बाबतीत भारतीय फंडाच्या नफ्यावर बहुधा भांडवली नफ्याऐवजी उत्पन्नाच्या दराने कर लागतो. हे आपण इथे बसून सांगायचं नसतं, तिकडच्या कर सल्लागाराकडे पाठवायचं असतं. म्हणून गटात मिळून प्रत्येक देशात एक विश्वासाचा माणूस शोधून ठेवा आणि वार्षिक भेटीत एक प्रश्न कायमचा घाला : घरातलं कोणी यंदा देशाबाहेर राहायला गेलं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी केवायसीतला दर्जा बदला, बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या, आणि एसआयपी चालू ठेवायची की थांबवायची हे तिकडून उत्तर आल्यावर ठरवा.

सुरुवात सोमवारी करा. सीएएसमधल्या कमिशनच्या आकड्याने, दहा सगळ्यात जुन्या ग्राहकांपासून. पेन्सिल त्यांच्या हातात द्या.